आमच्या सिस्टरला हलवायचं म्हणे!

परसात नारळाची सोडणं साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोण साठवत नाही. एक इकडे टाकलं, एक तिकडे टाकलं, आणि एक दिवस बघतो तर कमरेएवढा ढीग! सिस्टर सेवेरिनच्या बाबतीत आमच्या गावाचं तसंच झालंय. चहाच्या टपरीवर बसा, कोण ना कोण सुरू करतोच, "त्या दिवशी सिस्टर काय बोलली म्हायती?" त्यातले अर्धे खोटे. मी सांगतो ते खरे. भिकाजी माझं नाव, हॉस्पिटलची गाडी चालवतो, आणि अठरा वर्षं त्या बाईची बोलणी खातोय. आठवीत शाळा सोडली. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आणि आत्ताच का सांगतोय? डोकं फिरलंय म्हणून!

मसुऱ्याकडनं खाडीला उतरलं की आमचं मिशनचं हॉस्पिटल. वीस खाटा आणि एक बाळंतपणाची खोली. ती खोली सिस्टर चालवते. आता तिच्या वरच्या मदरचं पत्र आलंय. ईस्टर झाला की निघायचं, लांब तिकडे झारखंडात. तिच्या जागी कोण? कोण नाही! म्हणजे खोलीला कुलूप. म्हणजे आमच्या बायकांनी कळा सोसत कुडाळ गाठायचं, तासाभराचा रस्ता. दोन वेळा मी आरसा वर फिरवून, मागे न बघता गाडी हाकलीय आणि मागे पोर रडायला लागलंय. तिसऱ्यांदा करायची माझी तयारी नाही.

आणि ही बाई काय म्हणते? "ऑर्डर इली म्हणजे जावचा रे, भिको."

एवढंच! जशी बाजारात जाऊन येते!

*

मला नोकरी कशी लागली ते ऐका.

आईला ताप होता, घेऊन आलो. बाकड्यावर बसवून ठेवली तासभर. माझं टाळकं सटकलं. वॉर्डाच्या दारात उभा राहिलो आणि ओरडलो, "माझ्या आवशीक काय झाला तर ह्यो दवाखानो जाळून टाकीन!"

आतनं ही बुटकी सिस्टर आली. पांढरा झगा, पायात रबरी चप्पल, हातात ट्रे. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जाळ," म्हणाली. "पण पेशंट निजलेत. आवाज नको करू."

आईला आत घेतलं, इंजेक्शन दिलं, ताप उतरला. निघताना सिस्टरने विचारलं, "एवढो आवाज आसा, गाडी चलवक येता?"

"येता. टेम्पो चलवतंय."

"उद्या सकाळी ये. आमच्या गाडीचो हॉर्न बिघडलोहा."

*

गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात. त्यातल्या एकाची बायको इथेच माहेरी बाळंत झाली. हा आला तो तक्रारी घेऊनच. पंखा आवाज करतो, मोबाईलला रेंज नाही, चहा पातळ आहे. सकाळपासून सिस्टरची ती तिसरी डिलिव्हरी. बाई एकदाही टेकलेली नव्हती. पाय सुजून चपलेबाहेर आलेले मी बघत होतो.

आणि हा शहाणा खुर्चीत पाय पसरून म्हणतो, "सिस्टर, तुमचा एक बरा आसा हां! लग्न नाय, पोरां नाय, काय टेन्शनच नाय!"

माझ्या हातात जॅकचा दांडा होता. पण सिस्टर मधे आली. आत गेली, त्याचंच पोर दुपट्यात गुंडाळून आणलं. पोर असं किंचाळत होतं की कावळे उडाले. ते त्याच्या हातात दिलं.

"धरा. ह्या तुमचा टेन्शन. मी जेवान येतंय."

सिस्टरचं जेवण सात मिनिटांत होतं, मी घड्याळ लावून सांगतो. त्या दिवशी पाऊण तास लागला!

*

तालुक्याहून एक साहेब आला, हॉस्पिटलातल्या माणसांची माहिती कॉम्प्युटरवर भरायला. शुद्ध मराठी बोलणारा, घामाने भिजलेला.

"पतीचं नाव?"

मी दारातनंच ओरडलो, "सायबानू, ती सिस्टर आसा! दिसना नाय?"

"ते मला कळतं हो. पण रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही."

आता यावर माणसाने काय करावं? त्या मशिनीला लग्न झालेलीच बाई पाहिजे! मी आणखी दोन शब्द बोलणार होतो, सिस्टर म्हणाली, "घाला. जेझू." येशूला ती जेझू म्हणते, आणि सिस्टरांचं लग्न त्याच्याशीच लागलेलं असतं म्हणे.

"आडनाव?"

"नाझरेथकर."

साहेबाने टाइप केलं. मान पण वर केली नाही. "व्यवसाय?"

"सुतार."

"सध्या कार्यरत की निवृत्त?"

"कार्यरत," सिस्टर म्हणाली. "खूप काम पडलाहा."

*

हा पुढचा सांगताना आजही माझं रक्त उकळतं.

गावात एक नवा पुढारी उगवला होता. आजोळ इथलंच, आणि मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी त्याची स्वतःची नाळ सिस्टरनेच कापलेली! तो चार पोरं घेऊन आला. म्हणे सिस्टर पेशंटना बाटवते, आम्ही चौकशी करणार. मी बाह्या सारल्या. सिस्टरने मला गाडी धुवायला पाठवलं. मी बादली घेऊन खिडकीखाली उभा राहिलो. गाडी तिकडे, मी इकडे.

पुढाऱ्याने वही काढली आणि पहिल्याच खाटेवरच्या म्हातारीला गाठलं. साखरेची पेशंट, पायाला जखम, महिनाभर पडलेली.

"आजये, भियाव नको. ही सिस्टर तुका रोज काय काय सांगता ता सगळा सांग."

म्हातारीने आवाज बारीक केला. "सांगतंय. पण लिवन घे हां."

"घेतंय, घेतंय!"

"सांगता, गोड खाव नको. भाताची पेज कमी कर. पाय धू, सुको ठेव. आणि कोणाच्या चपला घालू नको."

"आणि?"

"आणखी काय? आमची सून पण ह्याच सांगता. तिचा पण नाव घाल त्या वहीत!"

पोरं हसायला लागली. पुढारी लालेलाल. वळला तर मागे सिस्टर उभी. म्हणाली, "बाबू, तोंड सुकलाहा तुझा. साखर तपासलंस काय कधी?"

तपासली. होती! आता दर सोमवारी येतो, लायनीत उभा राहतो. पण माझा राग गेलेला नाही. तिने माफ केलं असेल, तो तिचा धंदा. मी त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसू देत नाही.

*

एका बाईला जुळं झालं. एक मूल आडवं, दुसऱ्याच्या गळ्यात नाळ. डॉक्टर आठवड्यातनं तीन दिवस येतात, तेव्हा ते रस्त्यात होते. सिस्टरने दोन्ही पोरं सुखरूप काढली. डॉक्टर आले, हात धुतले, सही केली.

पुढच्या महिन्यात शाळेत सत्कार. कोणाचा? डॉक्टरांचा! शाल, नारळ, हार. सिस्टरला बोलावलं होतं ते शाल-नारळाचं तबक धरायला!

मी उठलोच. "अरे, पोरां काढली कोणी? सही करणाऱ्यान?"

सरपंच माझ्याकडे डोळे वटारतोय, डॉक्टर बिचारे खाली बघतायत. आणि सिस्टर तबक धरून माझ्यावरच ओरडली, "भिको, बस खाली! त्या शालीन घाम येता माका!"

बसलो. काय करणार? सत्कार झाला. डॉक्टर स्टेजवरनं उतरले, तशी सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"डॉक्टर, शाल ठेवा. नारळ दिया हयसर."

त्या संध्याकाळी वॉर्डात सगळ्यांना माशाची कढी होती, त्याच नारळाचं वाटण लावून. बाळंतिणीला मऊ भात. सिस्टर वाढताना म्हणाली, "सत्कार बरो झालो हां. दाट झालो."

*

हे सगळे दुसऱ्यांवर रागावायचे किस्से. एकदा माझ्यावर पण कोण रागावलं, ते पण सांगायला पाहिजे. नाहीतर म्हणाल भिकाजी आपलं झाकून ठेवतो.

सिस्टरची आई गेली, गोव्यात बार्देशला. सकाळी फोन आला. ह्यांचे नियम असे की मदरला विचारल्याशिवाय पाऊल बाहेर नाही. परवानगी आली ती एका दिवसाची! आई मेली आहे आणि एक दिवस! मी रस्ताभर त्या नियमाला शिव्या घालत गाडी चालवली. सिस्टर जपमाळ ओढत होती. सावंतवाडी मागे पडल्यावर म्हणाली, "तुझा झाला की सांग. मगे मी रडतंय."

मी शिव्या थांबवल्या. ती पेडण्यापर्यंत रडली.

प्रेत पुरून झालं. मी गाडीकडे उभा. तिचा भाऊ आला, साठीचा माणूस, मासेमारी करणारा, हात माझ्यासारखेच राठ. मला वाटलं पाणी विचारायला आला.

"तूं तांचो ड्रायव्हर?" म्हणाला.

"होय."

मग तो त्याच्या कोंकणीत बोलला आणि मला शब्दन् शब्द कळला. म्हणाला, तीन वर्षं आई अंथरुणात होती. तिला उचलायला, फिरवायला घरात बाईमाणूस नव्हतं. स्वतःची मुलगी नर्स, आणि ती तुमच्या गावच्या म्हाताऱ्यांची पाठ पुसत होती. तुमच्या गावात मुली जन्माला येत नाहीत काय? एकीला नर्स करून ठेवता आली नाही?

मला कोण बोललं की मी दुप्पट बोलतो, गावाला माहीत आहे. त्या दिवशी मी नुसती गाडीची काच पुसत राहिलो. माझ्या आईला तापात बघणारी हीच. त्याच्या आईला बघायला कोण नव्हतं.

परत निघालो. सिस्टर पुढच्या सीटवर बसली. म्हणाली, "माझो भाव काय बोल्लो?"

"काय नाय. रस्तो विचारी होतो."

"खोटारड्या," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. गाडी थांबली तशी झगा बदलून वॉर्डात गेली. एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या.

*

तर आता हे बदलीचं पत्र.

आम्ही ठरवलं, मदरला भेटायचं. मदरचं ऑफिस गोव्यात. गावकार निघाला, म्हणजे आमच्या देवळाचा मुख्य मानकरी, पंचाहत्तरीचा, कोणापुढे मान न वाकवणारा. आणखी दोघे, आणि टेम्पो हाकायला मी. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमची रीत. गावकाराने गावठी कोंबडा घेतला. तुरेवाला, झकास.

मदर शांत बाई. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. गावकाराने कोंबडा टेबलावर ठेवला.

मदरने कोंबड्याकडे बघितलं, कोंबड्याने मदरकडे. "आज शुक्रवार आहे," मदर म्हणाल्या. "आणि ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे दिवस चालू आहेत. आम्ही मांस खात नाही."

"मगे काय झाला?" गावकार म्हणाला. "उद्या कापा!"

तिथेच आमची केस बिघडली असं माझं मत आहे. बाकीच्यांना पटत नाही.

मी सरळ मुद्द्यावर आलो. "मदर, आमची सिस्टर हलवू नका. बाळंतपणाची खोली बंद पडतली. बायका रस्त्यार मरतील!"

"तिकडे रस्ताच नाही," मदर म्हणाल्या. "तिकडे बायका घरात मरतात."

आवशीचो घो! आता त्या बाईवर ओरडायचं कसं? पण मी ओरडलो. "म्हणान आमची न्हेवची? आमच्या बायका काय स्वस्त आसत? तुमच्यात अपील-बिपील काय आसा की नाय?"

"आहे ना. रोज पहाटे साडेपाचला करतो आम्ही. चॅपेलमध्ये. वरच्याकडे."

गावकार उठला. काठी आपटली. "आमच्यात पण आसा!"

परत आल्यावर सिस्टरने आम्हाला ओळीत उभं करून झापलं. बदलीवरनं नाही! "उपासाच्या शुक्रवारी? मदरांका? कोंबडो?" तो कोंबडा अजून तिकडेच आहे. मदर स्वतः दाणे घालतात म्हणे. त्याचं ऐकतात, आमचं ऐकलं नाही!

*

मग आम्ही आमचं अपील केलं. देवळात कौल लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे गावावर काय संकट आलं की रवळनाथाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गावकार गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव सांगेल ते गावाने मानायचं. त्याच्यावर कोर्ट नाही.

गुरुवारी सकाळी सगळं गाव देवळात. हॉस्पिटलातल्या आया आल्या, स्वयंपाकीण आली, कंपाउंडर आला. एक पेशंट तर सलाईनची सुई हाताला तशीच चिकटवलेली, तिसऱ्या रांगेत बसलेला!

गावकाराने सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं गाव.

"ही जी सिस्टर आसा, तिचो देव वेगळो, गाव वेगळो, पण आमची पोरां तिच्या हातार जन्माक इली, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ती हयच रवाची आसात तर उजवो दी. जावची आसात तर डावो दी. पण काय ता आज सांग, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि वाट बघत बसलो. पाव तास. अर्धा तास. पाकळ्या हलेनात. कोण खोकेना, कोण उठेना. माझी बायको पदर तोंडात धरून बसलेली, आमच्या मुलीला सातवा महिना आहे. तास झाला. गुरव पाषाणावरची नजर काढीना. मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो, उजवी पाड, नाहीतर तुझ्याशी माझं बोलणं बंद.

आणि मागनं आवाज आला.

"हॉस्पिटलात एक माणूस नाय! आया नाय, कंपाउंडर नाय, पेशंट पण उठान इले? लाज वाटता काय कोणाक?"

सिस्टर! चपला खाली काढून पायरीवर उभी, कमरेवर हात. तो सलाईनवाला आडोशाला सरकला. सगळं गाव गर्रकन मागे वळलं. गावकार वळला. गुरव वळला. देवाकडे पाठ करून दीडशे माणसं तिच्याकडे बघत बसली!

परत पुढे वळलो तर दोन्ही पाकळ्या खाली.

"उजवी पैली पडली!" गावकार ओरडला.

"तुमी बघितलात?" गुरव.

"नाय. पण पडली असतली!"

"असतली म्हणान चलता? ह्यो कौल आसा!"

"मगे तू खंय बघी होतंस? तुझा कामच ता!"

दोघे हमरीतुमरीवर आले. बायका रडायला लागल्या. पुन्हा लावा असं एक म्हणतो, एकदा दिलेला कौल परत मागायचा नाही असं दुसरा म्हणतो. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे सिस्टरकडे बघत होतो. सिस्टर कोणाकडे बघत होती? आत! समोर! एवढ्या गावात एकटीचं तोंड देवाकडे होतं!

मी ओरडून तसं सांगितलं. गावकार, कोणापुढे मान न वाकवणारा, हात जोडून पायरीपर्यंत गेला.

"सिस्टर, तुमी बघितलात?"

"बघितलंय."

"खंयची पैली पडली ता कळला तुमका?"

"कळला."

"मगे सांगा! उजवी काय डावी? सगळो गाव तुमच्या तोंडाकडे बघता!"

सिस्टरने पाषाणाकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग घड्याळाकडे.

"ता मी मदरांका लिवन कळवतंय," ती म्हणाली. "तुमका सांगूचा की नाय, ता मदर ठरवतली. आता उठा, आणि गपचूप वॉर्डात चला!"

आणि सगळ्या गावाच्या तोंडातनं, एका सुरात, सवयीने बाहेर पडलं,

"होय म्हाराजा!"